बो दोमाजचा १९७४चा अल्बम पहिल्यांदा ऐकताय? मग असा ऐका

फ्रेंच गाणी म्हटली की आपल्याकडे लगेच पॅरिस आणि एडिथ पियाफ आठवते आणि गाडी तिथेच थांबते. पण फ्रेंचमधला फोक रॉक, म्हणजे लोकगीतांच्या वळणाचा रॉक, ऐकायला कुठून सुरुवात करू असं कोणी विचारलं तर मी पॅरिसचं नावच घेत नाही, सरळ कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पाठवते, मॉन्ट्रियलच्या एका बँडकडे. बँडचं नाव बो दोमाज (Beau Dommage), अल्बमचं नावही बो दोमाज, डिसेंबर १९७४ मध्ये कॅपिटॉल कंपनीने काढला. तिकडच्या बऱ्याच घरांत आई-वडिलांच्या रेकॉर्डच्या ढिगात हा असतोच असतो. क्वेबेकची लोकसंख्या तेव्हा साठ-पासष्ट लाखांच्या घरात होती आणि एवढ्याशा बाजारात याच्या तीन लाखांच्या वर कॉप्या गेल्या, म्हणजे केवढा हिट झाला असेल ते बघा.

तुम्हाला फ्रेंच येत नसेल तरी चालेल, थोडं येत असेल तर उत्तम, आणि चांगलं येत असेल तर थोडी वेगळी तयारी करावी लागेल, ते खाली सांगतेच.

पायरी १ : आधी बरोबर अल्बम उघडा

हे सांगायची गरज आहे कारण याच नावाचे दोन अल्बम आहेत. बँड १९७८ मध्ये फुटला, मग १९९४ मध्ये सगळे परत एकत्र आले आणि त्या नव्या अल्बमलाही त्यांनी बँडचंच नाव दिलं. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नाव टाकलं की दोन्ही समोर येतात आणि नवीन माणूस हमखास भलतंच लावून बसतो. १९९४चा वाईट आहे असं नाही, पण सुरुवात त्याने करू नका. खूण एकच लक्षात ठेवा, पहिलं गाणं 'तू ले पाल्मिए' असलं पाहिजे. 'बेस्ट ऑफ' कलेक्शनही बरीच आहेत, ती सध्या बाजूला ठेवा, कारण हा अल्बम एका शहरात फेरफटका मारल्यासारखा बांधलाय आणि सुटी गाणी ऐकली तर तो फेरफटका हातातून जातो.

पायरी २ : पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका

साधारण चाळीस मिनिटांचा ऐवज आहे, एका बैठकीत ऐका, शक्यतो हेडफोन लावून, आणि पहिल्या वेळी लिरिक्स उघडूच नका. फक्त आवाज ऐका. अकूस्टिक गिटार पुढे आहे, तिच्यामागे कीबोर्ड, मधेच बासरी, आणि या सगळ्यावर तीन-चार गळे एकत्र मिळून जी हार्मनी करतात ना, ती या बँडची खरी ओळख. बीटल्स आणि क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश ऐकून मोठी झालेली ही मुलं होती आणि ते लपत नाही, लपवायचा प्रयत्नही कोणी केलेला नाही.

कोण काय करतं ते थोडक्यात : मिशेल रिव्हार गिटार आणि गायन, पिएर बेर्त्राँ बास आणि गायन, मारी-मिशेल देरोझिए कीबोर्ड आणि गायन, रोबेर लेजे कीबोर्ड आणि बासरी, रेआल देरोझिए ड्रम्स. आणि सहावा माणूस पिएर ह्युए, जो स्टेजवर नसायचा पण बरीच गाणी त्याने लिहिली. स्टेजवर न येणाऱ्या गीतकाराला बँडचाच मेंबर मानणं हे रॉकमध्ये फार कमी दिसतं आणि मला वाटतं अल्बमच्या यशाचं अर्धं श्रेय या एका गोष्टीला जातं. लेजे, ह्युए, रिव्हार ही मंडळी मॉन्ट्रियलच्या नव्याकोऱ्या क्वेबेक विद्यापीठात 'ला कनुय ब्ल' नावाचा नाटकाचा ग्रुप चालवायची, तिथून हा बँड उभा राहिला. म्हणून गाण्यांमध्ये पात्रं आहेत, प्रसंग आहेत, प्रत्येक गाण्यात कोणीतरी कुठेतरी उभं राहून बोलतंय असं जे वाटतं ते नाटकातूनच आलेलं.

पायरी ३ : दहा मिनिटं इतिहासाला द्या

हे टाळलं तर अल्बम नुसता गोड वाटेल आणि तुम्ही पुढे जाल.

क्वेबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण कित्येक पिढ्या कारखान्याचा मालक, बँकेचा साहेब, मोठ्या दुकानाचा मॅनेजर हा इंग्रजी बोलणारा. १९६०च्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या आयोगानेच आकडेवारीनिशी दाखवलं की क्वेबेकमध्येच फ्रेंच भाषकांची सरासरी कमाई इंग्रजी भाषकांपेक्षा बरीच कमी आहे. त्यात शाळा आणि दवाखाने चर्चच्या हातात. १९६० मध्ये ज्याँ लसाजचं सरकार आलं आणि पुढच्या काही वर्षांत हे सगळं भराभर बदललं, त्याला तिकडे 'शांत क्रांती' म्हणतात. भाषेचा प्रश्न मात्र पेटताच राहिला. १९७०च्या ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र क्वेबेक मागणाऱ्या जहाल गटाने अपहरणं केली, एका मंत्र्याची हत्या झाली, रस्त्यावर लष्कर उतरलं. जुलै १९७४ मध्ये फ्रेंच ही प्रांताची अधिकृत भाषा ठरवणारा कायदा आला आणि पाच महिन्यांनी हा अल्बम. त्यानंतर दोन वर्षांत, नोव्हेंबर १९७६ला, स्वतंत्र क्वेबेकची मागणी करणारा रने लेव्हेकचा पक्ष निवडून आला.

आता गंमत म्हणजे, एवढं सगळं पेटलेलं असताना या अल्बममध्ये झेंडा नाही, घोषणा नाही, 'उठा बंधूंनो' नाही. आहे काय, तर गल्ली, शाळा, सुतारपक्षी, सील नावाचा समुद्री प्राणी, एक मुलगी आणि घराचा पत्ता. त्याच्या आधी क्वेबेकच्या गाण्यातला मोठा वारसा होता तो गावाकडचा, फेलिक्स लक्लेर, झील व्हिन्यो यांच्यासारख्या थोर माणसांचा, त्यात नदी, जंगल, बर्फ, समुद्रकाठची खेडी. १९६८ मध्ये रोबेर शार्लबुआने बोलीभाषेतला रॉक आणून दणका उडवला. पण शहराच्या साध्या वस्तीत भाड्याच्या घरात वाढलेल्या पोराचं आयुष्य हे असंच्या असं, न सजवता, गाण्यात घालता येतं हे इतक्या लोकांपर्यंत नेलं ते या अल्बमने. ज्यांना पिढ्यान्पिढ्या 'तुमची भाषा कामगारांची, तुमचं फ्रेंच अशुद्ध' असं ऐकवलं गेलं होतं त्यांना आपल्याच गल्लीचं नाव रेडिओवर ऐकू येणं ही केवढी गोष्ट असेल! माझ्या दृष्टीने त्या काळातल्या कितीतरी घोषणांपेक्षा हे काम मोठं आहे.

पायरी ४ : सीलचं गाणं, सावकाश

आता लिरिक्स उघडा आणि चौथं गाणं लावा, 'ला काँप्लँत द्यु फोक आँ नालास्का', म्हणजे अलास्कातल्या सीलचं रडगाणं. रिव्हारचं गाणं आहे. सगळा अल्बम एकीकडे आणि हे एक गाणं एकीकडे असं म्हणणारी माणसं तिकडे भरपूर भेटतील.

गोष्ट एवढीच की अलास्कात कुठेतरी एक सील एकटा पडलाय, त्याची मैत्रीण पोट भरायला अमेरिकेतल्या सर्कशीत गेलीय. तो बर्फाच्या काठावर बसून विचार करतो, स्वतःच्या अंगावरच्या केसांकडे बघतो, ते पाऊस पडून गेल्यावर न्यूयॉर्कचे रस्ते चमकतात तसे चमकतायत. शिकागोची स्वप्नं बघतो, मेरिलिन मन्रोची स्वप्नं बघतो, आपल्या मैत्रिणीचा शो एकदा तरी बघायला मिळावा असं त्याला वाटतं. आणि मग गाणं हळूच सांगतं की नाकावर चेंडू फिरवायला आपल्या माणसांना सोडून जाण्यात काही अर्थ नाही, पोरं हसतात पण ते फार टिकत नाही, आणि पोरं मोठी झाली की कोणीच हसत नाही.

इथे थांबा आणि ती न्यूयॉर्कच्या रस्त्यांची ओळ परत ऐका. अलास्कातल्या सीलने न्यूयॉर्क कुठे बघितलंय? म्हणजे हा सील नाहीच, हा मॉन्ट्रियलमधला पोरगा आहे ज्याच्या डोक्यात अमेरिका सिनेमातून आणि रेकॉर्डमधून शिरलीय. यामागे अजून एक जुनी जखम मला ऐकू येते, ही माझी समजूत आहे, गाण्यात तसं कुठे म्हटलेलं नाही : १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनडियन माणसं कापडगिरण्यांमध्ये काम शोधायला अमेरिकेत गेली आणि त्यातल्या बहुतेकांची नातवंडं-पतवंडं फ्रेंच विसरली. पोटासाठी दक्षिणेला गेलेलं माणूस परत येत नाही हे तिथल्या घराघरात माहीत असलेलं दुःख, ते सीलच्या तोंडी घातलं की लहान मूलही गुणगुणतं आणि म्हाताऱ्या माणसाचेही डोळे भरतात. पुढे फेलिक्स लक्लेरने स्वतः हे गाणं गायलं. १९१४ साली जन्मलेल्या, क्वेबेकच्या गाण्याचा पितामह मानल्या जाणाऱ्या माणसाने केस वाढवलेल्या पोरांच्या बँडचं गाणं उचलावं, यापेक्षा मोठी पावती कुठली.

जे गाव सोडून शिक्षणाला किंवा नोकरीला लांब गेलेत त्यांना हे गाणं समजावून सांगायची गरजच पडत नाही असा माझा अनुभव आहे.

पायरी ५ : पुस्तकी फ्रेंच थोडा वेळ बाजूला

पुण्यात आलियाँस फ्राँसेझमध्ये किंवा कॉलेजात फ्रेंच शिकून बी-वन, बी-टू अशा मधल्या पातळ्यांपर्यंत पोचलेली मंडळी हा अल्बम लावतात आणि हादरतात, 'मला काहीच कळत नाहीये, ही फ्रेंचच आहे ना?' आहे हो, फ्रेंचच आहे, मॉन्ट्रियलच्या कामगार वस्तीतली बोली आहे, तिला 'जुआल' म्हणतात. प्रमाण मराठीवर वाढलेल्या माणसाने पहिल्यांदा अस्सल वऱ्हाडी किंवा मालवणी ऐकावी तसं होतं, दोन दिवस कान अडखळतो आणि मग गोडी लागते.

कानाला मदत म्हणून एवढं लक्षात ठेवा. 'म्वा', 'त्वा' इथे 'म्वे', 'त्वे' असे ऐकू येतील. 'तु'चा उच्चार 'त्सु'कडे झुकतो आणि 'दी'चा 'द्झी'कडे. नकारार्थी वाक्यातला 'न' जवळजवळ नाहीच, फक्त 'पा' शोधा. 'ज स्वी' एकत्र होऊन 'श्यु' होतं. दर दुसऱ्या वाक्यात 'पी' येतो, तो 'आणि मग' या अर्थाचा. 'ब्लाँद' म्हणजे मैत्रीण, केस कुठल्याही रंगाचे असोत. बस, इतक्यावर अर्धा अल्बम सुटतो.

एक विनंती, या बोलीला 'बिघडलेली फ्रेंच' म्हणू नका, क्लासमधल्या सरांनी म्हटलं असलं तरीही. याच बोलीत लिहिलेलं एक नाटक १९६८ मध्ये मॉन्ट्रियलच्या रंगमंचावर आलं तेव्हा असली भाषा स्टेजवर आणायची का यावर पेपरांतून भांडणं झाली होती. सहा वर्षांनी हा अल्बम तीच बोली घेऊन आला, आणि ती इतकी मऊ, इतकी सुरेल करून गायली की भांडणाला जागाच उरली नाही.

पायरी ६ : नकाशा उघडून ऐका

डिक्शनरीपेक्षा मी म्हणेन मॉन्ट्रियलचा नकाशा जवळ ठेवा, मोबाईलवर चालेल.

पहिलं गाणं 'तू ले पाल्मिए'. नारळी-केळीच्या उबदार प्रदेशातून एक माणूस घरी निघालाय, झाडांचं काय, मी गेल्यावरही ती वाढतच राहतील, मी चाललो आपल्या घरी. थंडीला कंटाळून फ्लोरिडात जाऊन राहणाऱ्यांची क्वेबेकमध्ये कमी नाही, त्यामुळे प्रसंग तिथे सगळ्यांच्या ओळखीचा. पण गाण्याचा गाभा म्हणजे तो चक्क पत्ता गातो : ६७६०, सँ-व्हालिए, मॉन्ट्रियल. 'स्वासाँत-सेत स्वासाँत' असं ऐकू आलं की समजा तेच. हा पत्ता नकाशात टाका. ला पेतीत-पात्री नावाची वस्ती आहे, बोबियँ आणि ज्याँ-तालाँ या दोन मेट्रो स्टेशनांच्या मधली, दोन-तीन मजली घरं एकमेकांना चिकटून, घराबाहेरून वर जाणारे लोखंडी जिने, मागच्या बाजूला पोरं खेळतात ती बोळ. पन्नास वर्षांपूर्वी इथे साधी माणसं राहायची. हिट गाण्यात पॅरिसचे बुलेव्हार असतात, न्यूयॉर्कचे अ‍ॅव्हेन्यू असतात, आणि यांनी त्यात सँ-व्हालिए रस्त्यावरचा घर नंबर घातला! आजही तिथल्या कितीतरी लोकांना स्वतःचा जुना पत्ता आठवणार नाही पण हा तोंडपाठ असतो.

मॉन्ट्रियलमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या मराठी मंडळींसाठी : सुट्टीच्या दिवशी ज्याँ-तालाँच्या मंडईत भाजी घ्यायला जाताच, तिथून चालत हा रस्ता करून या, कानात हे गाणं लावून. फक्त त्या घरात माणसं राहतात, बेल वाजवू नका, जिन्यावर बसून फोटो काढू नका.

'शायनाटाऊन' गाणं ऐकताना नकाशात ला गोश्तिएर रस्ता शोधा, चायनाटाऊन तिथलंच. 'आर्मोनी द्यु स्वार आ शातोगे'साठी मॉन्ट्रियल शहर ज्या बेटावर आहे त्याच्या बाहेर, नदीपलीकडे दक्षिणेला जा, शातोगे हे उपनगर आहे. हे शीर्षक फार सुंदर आहे, 'आर्मोनी द्यु स्वार' (संध्याकाळची सुरावट) ही फ्रेंच कवी बोदलेअरची गाजलेली कविता, आणि तिला यांनी सरळ एका उपनगराचं नाव जोडून टाकलं. पिएर ह्युए कसा विचार करायचा ते एवढ्यावरून कळतं.

पायरी ७ : राक्षस बोप्रेची खरी गोष्ट आधी वाचा

'ल जेआँ बोप्रे' हे गाणं नुसतं ऐकलं तर काल्पनिक वाटेल, पण माणूस खरा होता. एदुआर बोप्रे, जन्म १८८१, कॅनडाच्याच सस्कॅचेवान प्रांतातल्या विलो बंच गावचा, उंची आठ फुटांच्याही वर. घरची गरिबी, म्हणून उंची दाखवत फिरायची वेळ आली, सर्कशीत गेला, आणि १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिथेच वारला, वय जेमतेम तेवीस. पुढचं जास्त वाईट आहे. घरच्यांकडे मृतदेह परत न्यायला पैसे नव्हते, तो देह लोकांना दाखवायला ठेवला गेला, फिरत फिरत मॉन्ट्रियलला आला आणि शेवटी मॉन्ट्रियल विद्यापीठात जतन करून ठेवला गेला. १९७४ मध्ये हे गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा तो देह विद्यापीठातच होता! म्हणजे ही जुनी दंतकथा नव्हती, याच शहरात एक माणूस सत्तर वर्षं मातीची वाट बघत होता आणि पोरांनी त्याच्यावर गाणं केलं. नातेवाइकांनी पाठपुरावा केल्यावर १९८९ मध्ये दहन झालं आणि १९९० मध्ये अस्थी विलो बंचला पुरल्या.

हे माहीत करून घेऊन गाणं ऐका आणि लगेच पुन्हा सीलचं ऐका. दोन्हीकडे सर्कस आहे, दोन्हीकडे पोटासाठी स्वतःला दाखवायला निघालेला जीव आहे. हे दोन धागे एकाच अल्बममध्ये आहेत हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं आणि तेव्हापासून हा अल्बम मला नुसता गोड वाटत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

'जिनेत' हा सरळ नाचायचा रॉक अँड रोल आहे, त्यात खोल काही शोधू नका, आवाज वाढवा. 'ल पिकब्वा' म्हणजे सुतारपक्षी, हार्मनी शिकायची असेल तर हे गाणं घ्या, गिटार वाजवणाऱ्यांना तर आवडेलच. '२३ देसाँब्र' मात्र डिसेंबरसाठी राखून ठेवा : नाताळच्या सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस, एक पोरगा आपल्या गुरुजींना, मस्य कोतेंना, शुभेच्छा देतो आणि गुरुजी म्हणतात चला, आता ७ जानेवारीला भेटू. क्वेबेकच्या रेडिओवर हे दर डिसेंबरला लागतं म्हणजे लागतंच.

पायरी ८ : इथून पुढे कुठे

कॅनडाच्या टपाल खात्याने २०१३ मध्ये बँड्सवर तिकिटं काढली तेव्हा रश, द गेस हू आणि द ट्रॅजिकली हिप या इंग्रजी बँड्सच्या बरोबर बो दोमाजचं तिकीट होतं, त्यामुळे आज यांचं स्थान काय हा प्रश्न उरत नाही. पण तुम्ही इथेच थांबू नका.

त्याच १९७४ साली आर्मोनियम या बँडचा पहिला अल्बम आला, गिटार आणि सेर्ज फिओरीचा आवाज, जास्त अंतर्मुख, पुढे हे लोक प्रोग्रेसिव्ह रॉककडे, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉककडे, गेले. फिओरी २०२५ मध्ये वारला, तोही २४ जूनला, क्वेबेकच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी. नव्या पिढीचं ऐकायचं तर ले काऊबॉय फ्रँगाँ घ्या, त्यांचा गायक कार्ल त्राँब्ले २०२३ मध्ये गेला तेव्हा प्रांताने त्याला राष्ट्रीय सन्मानाने निरोप दिला. आणि मेझायो या बँडचं २००४चं 'देजेनेरासियाँ' ऐका, पणजोबापासून पणतवापर्यंत पिढ्या कशा बदलल्या त्याचं गाणं, जुन्या लोकगीतांच्या ठेक्यावर.

पण या सगळ्यांच्या आधी बो दोमाजचाच दुसरा अल्बम, १९७५चा 'ऊ ए पासे ला नोस'. त्याची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं, वीस मिनिटांच्या आसपास, मॉन्ट्रियलच्या उत्तरेला नदीकाठी असलेल्या ब्वा-दे-फिलियाँ या छोट्या गावातली घटना. ते पहिल्या आठवड्यात लावू नका. आधी हा पहिला अल्बम इतका मुरू द्या की सीलचं गाणं लिरिक्स न बघता म्हणता येईल, मग एखाद्या रात्री फोन सायलेंट करून ते वीस मिनिटांचं लावा.